शहराला फायबर हवं असेल तर आधी खांब मोजा

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या, लाखभर वस्तीच्या एका शहरात राहणाऱ्या मराठी वाचकाचा हा प्रश्न आहे. तिथल्या सिटी कौन्सिलनं ब्रॉडबँड समिती नेमली आहे आणि ते तिचे नागरिक-सदस्य आहेत. शहरात एक केबल कंपनी आहे आणि अजून तांब्याच्या तारांवर चालणारी एक फोन कंपनी. ते विचारतात, ‘मोठ्या फायबर कंपनीला बोलवावं की शहरानंच जाळं उभारावं? खर्च किती, वेळ किती, आणि हे प्रकल्प नेमके कुठे फसतात?’

कंपनीला बोलावण्यापासून सुरुवात करू नका. आधी तीन गोष्टी शोधा: विजेचे खांब कोणाच्या मालकीचे आहेत, रस्त्यांखाली शहराचे रिकामे डक्ट (तारा ओढण्यासाठीच्या नळ्या) किती आहेत, आणि राज्याचा कायदा शहराला काय करू देतो. याची उत्तरं हाती नसताना कंपनीकडे गेलात तर तुमच्याकडे देण्यासारखं काही नसतं, फक्त मागणं असतं.

फेब्रुवारी २०१० मध्ये गुगलनं गिगाबिटच्या प्रायोगिक जाळ्यासाठी शहर शोधत असल्याचं जाहीर केलं तेव्हा सुमारे ११०० गावाशहरांनी अर्ज केले. टोपेकाच्या महापौरांनी मार्च महिन्यापुरतं शहराचं नाव ‘गुगल, कॅन्सस’ ठेवलं. डुलुथच्या महापौरांनी हिवाळ्यात लेक सुपीरियरमध्ये उडी मारली. ३० मार्च २०११ रोजी निवड जाहीर झाली ती कॅन्सस राज्यातल्या कॅन्सस सिटीची. तिथं वीज पुरवणारी संस्था सार्वजनिक मालकीची आणि शहर-काउंटीच्या संयुक्त प्रशासनाचाच भाग. त्यामुळे खांबांविषयी बोलणी करायला आणि परवानग्या द्यायला समोर एकच घर होतं. मे महिन्यात राज्याच्या सीमेपलीकडची, मिसूरीतली कॅन्सस सिटीही त्यात आली. एवढं अनुकूल असूनही पहिली घरं जोडली गेली नोव्हेंबर २०१२ मध्ये. मधल्या काळात तार खांबावरच्या कुठल्या जागेत लावायची आणि तिचं भाडं किती, यावरून काम अडलं होतं. जगातल्या सर्वात श्रीमंत कंपन्यांपैकी एकीला जे अडलं, ते तुम्हालाही अडणार असं धरूनच चाला.

कायद्याचं काम सगळ्यात स्वस्त असतं, म्हणून ते पहिल्या महिन्यातच संपवा. डझनाहून अधिक राज्यांत शहरांच्या इंटरनेट सेवेवर या ना त्या प्रकारची बंधनं आहेत किंवा होती. नॉर्थ कॅरोलायनात विल्सन शहरानं २००८ मध्ये स्वतःची सेवा सुरू केली आणि २०११ मध्ये राज्यानं इतर शहरांची वाट जवळजवळ बंद केली. कोलोरॅडोत २००५ च्या कायद्यामुळे प्रत्येक शहराला आधी मतदान घ्यावं लागे; ती अट २०२३ मध्ये उठली. टेनेसीत शहराची वीजसंस्था तिच्या वीजपुरवठ्याच्या हद्दीतच इंटरनेट देऊ शकते. फेडरल आयोगानं, म्हणजे एफसीसीनं, २०१५ मध्ये टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाची ही बंधनं मोडीत काढायचा प्रयत्न केला, पण २०१६ मध्ये अपील न्यायालयानं तो आदेश रद्द केला. वॉशिंग्टनमधून कोणी सुटका करेल या आशेवर बसू नका. फेडरल निधीचंही तसंच. ‘बीड’ (बीईएडी) या फेडरल ब्रॉडबँड योजनेचे ४२.४५ अब्ज डॉलर आकड्यात मोठे दिसतात, पण ज्या पत्त्यांवर १०० मेगाबिट डाउनलोड आणि २० मेगाबिट अपलोडसुद्धा मिळत नाही अशांसाठी ते आहेत. केबल कंपनी पोचलेलं शहर त्यात सहसा बसत नाही.

आता खांब. महाराष्ट्रात केबलवाला खांबावरून, गच्चीवरून, प्रसंगी झाडावरूनही तार नेतो. ती सवय डोक्यातून काढून टाका. अमेरिकेतल्या खांबावर वरचा भाग विजेचा, त्याखाली साधारण ४० इंच मोकळं सुरक्षा अंतर, आणि त्याच्या खाली दळणवळणाच्या तारा, एकमेकींपासून फूटभर अंतरावर. रस्त्यावरून जाणारी तार झोळ धरूनही साडेपंधरा फुटांच्या खाली येता कामा नये. जुन्या ३५ फुटी खांबावर वीज, केबल आणि फोन बसल्यावर चौथ्याला बऱ्याचदा जागाच उरत नाही. मग आधीच्या तारा वर-खाली सरकवाव्या लागतात किंवा खांबच बदलावा लागतो. या कामाला तिथं ‘मेक-रेडी’ म्हणतात, आणि प्रकल्पाचं वेळापत्रक बिघडतं ते सर्वात जास्त इथंच.

कारण साधं आहे. प्रत्येक तारेचा मालक स्वतःचा माणूस पाठवून स्वतःची तार हलवतो, आणि तेही ओळीनं: पहिल्यानं हलवल्याशिवाय दुसऱ्याला जागा नाही. त्यातला एक तर तुमचा भावी प्रतिस्पर्धी असतो. त्याला घाई असण्याचं काही कारण नाही. नॅशव्हिलमध्ये २०१६ साली गुगलनं सांगितलेला हिशोब असा होता: ८८,००० खांब लागणार, त्यातल्या ४४,००० वर मेक-रेडी हवी, आणि प्रत्यक्ष तयार झालेले खांब ३३. यावर उपाय म्हणून लुइव्हिल आणि नॅशव्हिलनं ‘एकदाच हात लावा’ असा नियम केला. मान्यताप्राप्त एकच कंत्राटदार एका फेरीत सगळ्यांच्या तारा सरकवेल. दोन्हीकडे खटले झाले. लुइव्हिलचा नियम टिकला, नॅशव्हिलचा २०१७ मध्ये रद्द झाला. २०१८ मध्ये एफसीसीनं साध्या कामांसाठी हीच पद्धत देशपातळीवर आणली, पण तिला दोन मोठे अपवाद आहेत. महापालिका आणि सहकारी संस्थांच्या खांबांना हा फेडरल नियम लागू नाही, आणि अनेक राज्यांनी खांबांचा कारभार स्वतःकडे ठेवला आहे. त्यामुळे तुमच्या प्रत्येक खांबाचा मालक कोण आणि त्याला कोणाचे नियम लागू, हे कागदावर असायलाच हवं.

समितीला माझा पहिला आग्रह असेल तो खांबांच्या मोजणीचा. निदान पाच टक्के खांब, जुन्या आणि नव्या वस्त्यांतून वेगवेगळे निवडून, माणूस पाठवून तपासा. प्रत्येकाचा पाटीवरचा क्रमांक, उंची आणि वर्ग, लावण्याचं वर्ष, प्रत्येक तारेची जमिनीपासूनची उंची, ट्रान्सफॉर्मर आहे का, दोन खांबांच्या मध्यावर तार किती खाली येते, लाकूड तळाशी कुजलंय का, हे सगळं फोटोसह नोंदवा. दहापैकी दोन-तीन खांबांना काम लागत असेल तर खांबांवरून जाणं परवडतं. सहा-सात निघाले तर त्या वस्तीत जमिनीखालचा मार्ग महाग दिसूनही वेळेत होतो.

वीजसंस्था शहराची असेल तर एक मोठी सोय आहे. सुरक्षा अंतराच्या वर, विजेच्या जागेतच, संपूर्ण धातुरहित अशी स्वतःला पेलणारी फायबर केबल लावता येते. तिला पोलादी आधारतार लागत नाही, खालच्या कोणाची तार हलवावी लागत नाही. अट एवढीच की ती लावायला आणि दुरुस्त करायला विजेवर काम करण्याचं प्रशिक्षण घेतलेली माणसंच लागतात. रात्री वादळात केबल तुटली तर साधा केबल तंत्रज्ञ तिथवर चढू शकत नाही. ही माणसं वीजसंस्थेकडे आधीच असतात.

टेनेसीतल्या चॅटनूगाचं यश इथूनच समजून घ्यावं लागतं. तिथल्या ईपीबी या शहरी वीजसंस्थेनं सप्टेंबर २०१० मध्ये आपल्या हद्दीतल्या प्रत्येक ग्राहकाला गिगाबिट देऊ केलं. तेव्हा दर होता महिना ३५० डॉलर. त्यामागे सुमारे २२ कोटी डॉलरचे रोखे आणि ऊर्जा खात्याचं ११ कोटी १५ लाख डॉलरचं अनुदान होतं, आणि ते अनुदान स्मार्ट ग्रिडसाठी होतं. वादळात झाड पडलं की बिघाडाचा तुकडा आपोआप वेगळा काढणारे हजाराहून अधिक स्विच त्याच फायबरवर बोलतात. म्हणजे एकाही घरानं इंटरनेट घेतलं नसतं तरी त्या फायबरला काम होतं. ज्या शहराची वीजसंस्था खासगी आहे त्यानं चॅटनूगाचे आकडे समोर ठेवून स्वप्न रंगवू नये. तिथला बराच फायदा विजेच्या बाजूनं येतो आणि तो तुमच्या ताळेबंदात येणारच नाही.

जमिनीखालच्या कामात चुका उशिरा दिसतात, म्हणून त्या जास्त महाग पडतात. आडवं भोक पाडणारं यंत्र फुटपाथखालून डक्ट ओढतं. खणण्याआधी ८११ वर कळवून आधीच्या वाहिन्यांच्या खुणा करून घ्यायच्या असतात: गॅस पिवळा, वीज लाल, पाणी निळं, मैलावाहिनी हिरवी, दळणवळण नारिंगी. मात्र घरापासून मुख्य वाहिनीपर्यंत जाणारा सांडपाण्याचा नळ घरमालकाचा असतो आणि त्याची खूण बऱ्याच ठिकाणी कोणीच करत नाही. यंत्र त्यातून आरपार जातं, त्या दिवशी कोणाला कळत नाही, आणि काही महिन्यांनी घरात सांडपाणी उलटं येतं. करारात लिहा की जुन्या वस्त्यांत काम झाल्यावर या नळांची कॅमेऱ्यानं तपासणी कंत्राटदार करेल. फायबरमध्ये धातू नसल्यानं पुढे ती जमिनीखाली शोधताही येत नाही. डक्टबरोबर तांब्याची शोधतार टाका आणि प्रत्येक चेंबरमध्ये तिचं टोक वर आणा. ही तार फुटाला काही सेंटची असते. ती न टाकता पैसे वाचवलेल्या जाळ्यावर पुढची अनेक वर्षं दुसऱ्यांची यंत्रं घाव घालत राहतात.

स्वस्तात आणि झटपट म्हणून सूक्ष्म चर सुचवला जाईल. रस्त्याच्या कडेला डांबरात अरुंद काप घेऊन त्यात केबल टाकायची आणि वरून बंद करायचं. फूटभर खोल, डांबराच्या थराखाली आणि नीट भरलेला चर ठीक असतो. लुइव्हिलमध्ये गुगल फायबरनं तो जेमतेम दोन इंच खोल घेतला. वरचं रबरासारखं भरण निघून रस्त्यावर आलं, केबल उघड्या पडल्या, आणि जाळं जवळपास पूर्ण नव्यानं टाकावं लागेल हे लक्षात आल्यावर कंपनीनं १५ एप्रिल २०१९ रोजी सेवा बंद केली. सुरू झाल्याला दोन वर्षंही झाली नव्हती. रस्ते पूर्ववत करण्यासाठी तिनं शहराला ३८ लाख ४० हजार डॉलर दिले. ते पैसे मिळाले, पण ज्यांनी या जोडणीवर घरून काम सुरू केलं होतं त्यांना पुन्हा जुन्या कंपनीच्या दारात जावं लागलं. म्हणून कंपनीशी करार करताना किमान खोली, भरणाचा प्रकार, रस्त्याची काही वर्षांची हमी, त्यासाठीची बँक हमी आणि कंपनी निघून गेल्यास डक्ट-केबलची मालकी शहराकडे येण्याचं कलम, एवढं सही करण्याआधी घालून घ्या. नंतर ते कोणी घालत नाही.

पैशांचा हिशोब एका काल्पनिक शहरावर मांडून दाखवतो. तुमचे आकडे घालून तो पुन्हा करा. ४०,००० पत्ते, ४५० मैल मार्ग. त्यातला २७० मैल खांबांवरून फुटाला ७ डॉलरनं, म्हणजे सुमारे १ कोटी डॉलर. उरलेला १८० मैल जमिनीखालून फुटाला १८ डॉलरनं, सुमारे १ कोटी ७१ लाख. मैलाला ४० धरले तर खांब झाले १०,८००. तिसरा हिस्सा खांबांवर सरासरी १,५०० डॉलरची मेक-रेडी, ५४ लाख. आराखडा, केंद्रं आणि यंत्रणा ४० लाख. दारावरून फायबर नेण्याचा खर्च झाला सुमारे ३ कोटी ६५ लाख, पत्त्यामागे ९१० डॉलर. खडक लागला की जमिनीखालचा दर दुप्पट-तिप्पट होतो, हे वेगळं.

हा खर्च ग्राहक एक असो वा वीस हजार, तेवढाच. त्यावर प्रत्येक प्रत्यक्ष जोडणीला घरापर्यंतची तार, घरातलं यंत्र आणि बसवणं मिळून हजार डॉलर धरा. ४० टक्के पत्त्यांनी जोडणी घेतली तर १६,००० ग्राहक आणि एकूण खर्च ५ कोटी २५ लाख. २५ टक्क्यांनी घेतली तर १०,००० ग्राहक आणि ४ कोटी ६५ लाख. २० वर्षांचे रोखे ५ टक्क्यांनी काढले तर हप्ता पहिल्या बाबतीत ग्राहकामागे महिना २२ डॉलर, दुसऱ्यात ३१. चालवण्याचा स्थिर खर्च वर्षाला ४५ लाख आणि ग्राहकामागे महिना ८ डॉलर धरला तर पहिल्या बाबतीत महिन्याचा एकूण बोजा सुमारे ५३ डॉलर होतो आणि दुसऱ्यात ७७. दर ६५ डॉलर ठेवलात तर तेच जाळं, तीच केबल, तीच माणसं, पण एक शहर तरतं आणि दुसरं दर महिन्याला ग्राहकामागे १२ डॉलर गमावतं.

युटाहमधल्या प्रोव्होनं सुमारे ३ कोटी ९० लाख डॉलर कर्ज काढून जाळं उभारलं आणि २०१३ मध्ये ते गुगलला एका डॉलरला दिलं. कर्जाचे हप्ते नागरिकांच्या वीजबिलातून महिना ५.३५ डॉलरनं जात राहिले. तंत्र बरोबर असूनही जोडण्यांचं प्रमाण आणि दर यांचं गणित चुकलं की असं होतं. शिवाय तुम्ही पहिला खांब उभा कराल त्या आठवड्यात केबल कंपनी दर उतरवेल आणि दोन वर्षांचे करार पुढे करेल, हे गणितात आधीच धरा. कोलोरॅडोतल्या लाँगमाँटनं यावर चांगला मार्ग काढला. वस्तीत सेवा आल्यावर ठरावीक मुदतीत जो जोडणी घेईल त्याला दोन्ही दिशांना गिगाबिट ४९.९५ डॉलरमध्ये, आणि तो दर टिकून राहणारा. लोकांनी थांबून न पाहता लगेच घेतलं आणि जोडण्यांचं प्रमाण पन्नास टक्क्यांच्या वर गेलं. तिथंही २००९ चं मतदान हरले होते, २०११ चं जिंकले. घाई न करता लोकांना पटवणं हा खर्च वाचवणारा भाग आहे.

प्रकाशाच्या बाजूचं काम त्या मानानं सरळ आहे, पण निविदेत नेमकं लिहावं लागतं. आज नवं जाळं उभारताना दोन्ही दिशांना १० गिगाबिट देणारं एक्सजीएस-पॉन (एका फायबरवरचा प्रकाश अनेक घरांत वाटणारं तंत्र) मागा, त्याच्या आधीच्या पिढीच्या जीपॉनची २.५ गिगाबिट खाली आणि १.२५ वर ही क्षमता सुरुवातीलाच अपुरी वाटेल. दोन्ही वेगळ्या तरंगलांबीवर चालत असल्यानं एकाच फायबरवर शेजारी शेजारी नांदतात, त्यामुळे पुढचा बदल केंद्रातलं आणि घरातलं यंत्र बदलून होतो, रस्ता खणून नाही. एका फायबरवर ३२ घरं ठेवा. ६४ ठेवायचा मोह होतो, कारण केंद्रातली यंत्रणा निम्मी लागते. हिशोब बघा: १२ किलोमीटर फायबरचे ४.२ डीबी (डेसिबल, म्हणजे प्रकाश किती घटतो त्याचं माप), एका फायबरचा प्रकाश ३२ घरांत वाटणाऱ्या विभाजकाचे साधारण १७.५, चार कनेक्टरचे १.६, दहा जोडांचा १, असे २४.३ डीबी. यंत्रणा सहन करते त्या २८ च्या मर्यादेत ३.७ डीबी हातात राहतात. विभाजक ६४ चा केला की त्याचेच २१ होतात आणि हातात उरतं ०.२. मग एक धुळीनं माखलेला कनेक्टर किंवा दारामागे दुमडलेली एक तार पुरते, आणि ग्राहकाचं यंत्र दिवसातून चारदा बंद पडतं.

बिघाडांची बहुतेक कारणं अशीच किरकोळ असतात. कनेक्टर जोडण्याआधी दर वेळी भिंगातून पाहून पुसायचा, ही शिस्त करारात लिहा. घरात शिरणारी तार वाकलेली सहन करणाऱ्या जातीची, जी.६५७.ए२, मागा. काम ताब्यात घेताना प्रत्येक फायबरची ओटीडीआर चाचणी (तारेत प्रकाश सोडून घट कुठे होते ते दाखवणारी) १३१० आणि १५५० नॅनोमीटर अशा दोन्हींवर घ्या; १५५० वर घट जास्त आणि १३१० वर कमी दिसली तर तार कुठेतरी दुमडली आहे. चाचणीच्या मूळ फायली शहराकडे हव्यात, छापील अहवाल पुरत नाही. शहराबाहेरच्या जोडणीची भीती मात्र बाळगू नका. गर्दीच्या वेळी ग्राहकामागे सरासरी तीन-चार मेगाबिट धरले तर १६,००० ग्राहकांना साधारण ५० ते ६५ गिगाबिट लागतात. १०० गिगाबिटच्या दोन वाटा पुरतात, फक्त त्या दोन वेगळ्या रस्त्यांनी, वेगळ्या पुलांवरून आणि वेगळ्या कंपन्यांकडून घ्या. दोन कंपन्या एकाच डक्टमधून जात असतील तर तो दुसरा मार्ग नव्हेच.

सगळं स्वतः करणं किंवा सगळं कंपनीवर सोडणं, याशिवाय मधली वाट आहे, आणि खासगी वीजसंस्था असलेल्या शहराला मी तीच सुचवेन. अलाबामातल्या हंट्सव्हिलच्या वीजसंस्थेनं शहरभर फायबर स्वतः टाकली आणि गुगल फायबरला भाड्यानं दिली. मेरीलँडमधल्या वेस्टमिन्स्टरनं फायबर शहराची ठेवली आणि ग्राहकसेवेसाठी टिंग कंपनी आणली. रात्री अकराला वायफाय चालत नाही म्हणून येणारा फोन कंपनी उचलते. डक्ट आणि फायबर, म्हणजे पुढची तीस-चाळीस वर्षं टिकणारी वस्तू, शहराची राहते. हेही जड वाटत असेल तर आजपासून एक नियम करा: रस्ता पाण्यासाठी, गटारासाठी, डांबरासाठी कशासाठीही उघडला तरी त्यात दोन इंची दोन डक्ट आणि प्रत्येक चौकात चेंबर गेलंच पाहिजे, आणि त्याची नोंद नकाशात त्याच आठवड्यात झाली पाहिजे. नोंद नसलेलं डक्ट पुढे कोणालाच सापडत नाही.

शेवटी वस्त्यांचा क्रम, कारण समितीत नागरिकांचा आवाज सर्वात जास्त उपयोगी इथंच पडतो. कॅन्सस सिटीत गुगलनं शहराचे २०२ भाग पाडले आणि १० डॉलर भरून पुरेशी नावनोंदणी होईल तिथंच केबल टाकायची असं ठरवलं. सप्टेंबर २०१२ पर्यंत १८० भाग पात्र ठरले, पण ट्रूस्ट अव्हेन्यूच्या पूर्वेकडच्या गरीब, बहुतांशी कृष्णवर्णीय वस्त्या सुरुवातीला मागे पडल्या. नोंदणी ऑनलाइन, पैसे कार्डानं, आणि घरात इंटरनेटच नाही. शिवाय भाडेकरूला मालकाच्या परवानगीशिवाय भिंतीला भोक पाडता येत नाही. स्वयंसेवकांनी दारोदार फिरून काही भाग शेवटच्या दिवसांत वाचवले. तुमच्याकडे नावनोंदणीची अट ठेवायचीच असेल तर ती रोख पैशांत, ग्रंथालयात आणि शाळेतही करता आली पाहिजे, आणि अपार्टमेंट मालकांशी आतल्या तारांचा करार त्या भागाची नोंदणी उघडण्याच्या सहा महिने आधी झाला पाहिजे. बांधणीच्या पहिल्या टप्प्यात शहराची एक श्रीमंत आणि एक गरीब वस्ती एकत्र घ्या, आणि हा क्रम रोख्यांच्या मतदानाआधीच ठरावात छापून टाका. मतदान झाल्यावर क्रम ठरवायला गेलात तर तो खर्चाच्या तक्त्यावरून ठरतो, आणि तक्त्यात गरीब वस्ती नेहमी तळाशी असते.